रातपाळीची झोप आणि चार मीटर केसमेंट

पत्र: ताई, मी शिरोलीच्या एमआयडीसीत लेथवर काम करतो. बायको नर्स आहे. महिन्यातले पंधरा दिवस तिला रातपाळी असते. सकाळी साडेआठला घरी येते, दोन घास खाते आणि आडवी होते, पण आमची झोपायची खोली पूर्वेची. ऊन थेट पलंगावर येतं. डोळ्यांवर टॉवेल टाकून झोपते आणि दुपारी डोकं धरूनच उठते. तयार पडदे दोनदा आणले. एक पातळ निघाला, दुसरा आखूड. आईचं पायाचं शिलाई मशीन माळ्यावर पडून आहे, तर वाटतंय की आपणच शिवावेत. पण मी आयुष्यात शर्टाचं बटणसुद्धा लावलेलं नाही. मित्र म्हणतात, नादाला लागू नको, शिंप्याकडं टाक. खिडकी चार फूट बाय चार फूट आहे. मला जमेल का? आणि सुरुवात कुठून करू?
– एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर:

भाऊ, जमेल. तुमचं मन राखायला म्हणत नाही. पडद्यात गळा नाही, बाही नाही, मुंढा नाही, अंगाला बसवायचं काही नाही. चार सरळ कडा आणि चार सरळ टिपा, एवढंच शिवणकाम. ब्लाउज शिवायला शिकणाऱ्या मुलींना मी पहिल्या महिन्यात जे सांगते, त्यातलं निम्मं तुम्हाला लागणारच नाही. पडदा बिघडतो तो मापात, कापताना आणि इस्त्रीचा कंटाळा केल्यावर. आणि मापाचं तर तुमचं रोजचं काम आहे.

मित्रांचं एक मनावर घेऊ नका. शिवणकाम बायकांचं, असं त्यांनी म्हटलं असेल किंवा नुसतं हसले असतील. आपल्या पेठांमधून चालत जा आणि मशीनवर कोण बसलेलं दिसतं ते बघा. संत नामदेवांचं घराणं शिंप्याचंच होतं.

आधी आज रात्रीचं बघू, कारण पडदे व्हायला तुम्हाला दोन आठवडे लागतील आणि तोवर ती टॉवेल टाकूनच झोपणार. घरातली सगळ्यांत गडद, जाड चादर काढा, तिची दुहेरी घडी करा आणि आहे त्या रॉडवर कपड्याच्या चिमट्यांनी लावा. दिसायला बरं दिसणार नाही. पण उद्या सकाळपासून ऊन अडेल, आणि उजेड नेमका कुठून आत येतो हेही तुम्हाला कळेल. ती घरी यायच्या वेळेला स्वतः त्या पलंगावर पाच मिनिटं पडून बघा. बहुतेक वेळा उजेड कापडातून कमी आणि कडांनी जास्त येतो. वरून, दोन्ही बाजूंनी आणि दोन पडद्यांच्या मधल्या फटीतून. तुमचा दुसरा पडदा आखूड ठरला, तो यामुळंच. म्हणून खिडकीचं माप विसरा. माप घ्यायचं ते रॉडचं.

रॉड खिडकीच्या वर सहा इंचांवर लावा आणि दोन्ही बाजूंना आठ-आठ इंच पुढं जाऊ द्या. तुमची खिडकी ४८ इंच, म्हणजे रॉड ६४ इंचांचा झाला. एक इंच व्यासाचा स्टीलचा घ्या, पातळ रॉड मधे झुकतो. शक्य असेल तर दुहेरी ब्रॅकेट बसवा, एकापुढं एक दोन रॉड बसणारं. त्याचं कारण सांगते. ऊन अडवायला लोक पडद्याला अस्तर लावतात, आणि नवशिक्याचं काम फसतं ते तिथंच. दोन कापडं वेगवेगळी आकसतात, एक ओढतं, दुसरं फुगतं, आणि पडद्याला झोल येतो. त्यापेक्षा दोन सुटे पडदे करा. मागचा ब्लॅकआउट कापडाचा, म्हणजे उजेड अडवणारा लेप दिलेल्या कापडाचा, खिडकीकडं. पुढचा साध्या सुती कापडाचा, खोलीत दिसणारा. दोन्ही शिवायला सोपे, धुवायला सुटे, आणि तिची दिवसपाळी असेल तेव्हा मागचा बाजूला सारून ठेवता येतो.

आता गणित. रॉडच्या वरच्या कडेपासून खिडकीच्या खाली आठ इंचांपर्यंत पडदा हवा, म्हणजे सहा, अठ्ठेचाळीस आणि आठ, बासष्ट इंच. ही तयार उंची. त्यात खालच्या दुमडीचे सहा इंच मिळवा, कारण खाली तीन इंचांची दुमड दोनदा घालायची असते. वरच्या नेफ्याचे तीन. हो, नेफाच, परकराला नाडी घालायला असतो तसा. नाडीच्या जागी रॉड जातो. झाले एकाहत्तर. सुती कापड धुतल्यावर आकसतं, त्याचे चार इंच धरा. पंचाहत्तर. असे दोन पट्टे, डावा आणि उजवा, म्हणजे दीडशे इंच. मीटरला ३९ इंचांहून थोडं जास्त पडतं, त्यामुळं पावणेचार मीटर कमी पडेल. पुरते चार मीटर घ्या. दुकानात कापड तिरकं कापलं जातं, ते सरळ करताना दोन-तीन इंच जातातच.

हे चार मीटर चोपन्न इंच पन्ह्याचे. पन्हा म्हणजे कापडाची रुंदी. पन्हा विचारल्याशिवाय मीटर सांगू नका. पडद्याचं कापड बहुधा ४८ किंवा ५४ इंच पन्ह्याचं असतं, अंगावरचं सुती ३६ किंवा ४४ चं. चोपन्नचे दोन पट्टे घेतले की बाजूच्या दुमडी जाऊन साधारण शंभर इंच कापड राहतं, आणि रॉड चौसष्टचा. म्हणजे दीडपट. जाड कापडाला दीडपट चुणी पुरते, पातळ कापडाला दुप्पट लागते. तुमचा पहिला तयार पडदा पातळ वाटला, त्यात कापडाचा दोष अर्धाच असेल. चार फुटी तयार पडदा एकच ताणून लावला, तर चुणी पडायला कापडच उरत नाही.

पुढच्या पडद्याला केसमेंट घ्या. घट्ट विणीचं सुती, हातात वजन लागतं, मशीनखाली घसरत नाही. साधं एकरंगी घ्या. फुलाफुलांचं, चौकड्यांचं मोठं डिझाइन पहिल्या खेपेला नको. दोन पट्ट्यांवरची फुलं एका ओळीत आणायची तर प्रत्येक पट्ट्याला एक फूल जास्त कापड लागतं आणि जुळवण्यात जीव जातो. सॅटिन किंवा चमकणारं पॉलिस्टर अजिबात नको. ते सुईखाली माशासारखं निसटतं. जवळच्या गांधीनगरच्या कापडबाजारात गेलात तर निवड भरपूर आहे, पण आधी विचारा, सगळीच दुकानं सुटं कापड मीटरवर देत नाहीत. महाद्वार रोडला किंवा लक्ष्मीपुरीतही मिळेल. आपण तर कापडाच्या शेजारीच राहतो. इचलकरंजीत विठ्ठलराव दातारांनी १९०४ साली पहिला यंत्रमाग आणला, आणि आज तिथल्या गल्लीबोळांतून मागांचा खडखडाट ऐकू येतो. कधी त्या बाजूला गेलात तर एखादा माग चालताना बघून या. उभे धागे ताणलेले असतात आणि आडवा धागा त्यांच्यातून ये-जा करतो. ते एकदा डोळ्यांनी पाहिलं की कापड उभ्या धाग्यातच का कापायचं, हे कुणी शिकवावं लागत नाही. पडद्याची उंची नेहमी उभ्या धाग्याची, किनारीला समांतर. तिरकं कापलं तर पडदा महिन्याभरात एका कोपऱ्यात लोंबतो.

ब्लॅकआउट कापड पावणेचार मीटर पुरेल. ते आकसत नाही, आणि हा पडदा पुढच्यापेक्षा इंचभर आखूड ठेवायचा, म्हणजे खालून डोकावत नाही.

सुती कापड घरी आणलं की रात्रभर साध्या पाण्यात बुडवून ठेवा, सकाळी न पिळता वाळवा, ओलसर असतानाच इस्त्री करा. हे टाळू नका, भाऊ. मी लग्नानंतर मंगळवार पेठेतल्या घरात पहिले पडदे शिवले तेव्हा दुकानदार म्हणाला होता, हे आकसत नाही. मी विश्वास ठेवला. दिवाळीच्या आधी पहिल्यांदा धुतले आणि पडदे चार बोटं वर गेले. खिडकीच्या खालून रस्ता दिसायला लागला. खाली दुसऱ्या रंगाची पट्टी जोडून ते पुढं सहा वर्षं वापरले, पण ती पट्टी प्रत्येक वेळी डोळ्याला खुपायची. तेव्हापासून कुणी काहीही सांगो, कापड भिजवल्याशिवाय कात्री लावत नाही. पाऊस लागायच्या आत भिजवलंत तर बरं. आपल्याकडच्या जुलैत जाड कापड दोन-दोन दिवस वाळत नाही आणि कुबट वास धरतं.

कापायला टेबल शोधू नका, जमीन झाडून पुसून घ्या. फरशीचे सांधे सरळ असतात आणि काटकोनात असतात, त्यांच्यावर किनार लावून कापड पसरा. कापडाचं टोक सरळ करायला किनारीशी छोटा काप द्या, तिथला एक आडवा धागा नखानं पकडून हळूहळू ओढून काढा. तो निघाला की कापडात एक बारीक रेघ दिसते. त्या रेघेवरून कापा. धागा मधे तुटला तर तुटला, तिथून पुढचा पकडा. ब्लॅकआउटला असा धागा निघत नाही, तिथं गुण्या, म्हणजे काटकोनाची पट्टी, लावा. मग दोन्ही पट्टे एकावर एक ठेवून उंची तपासा. तुम्ही मायक्रॉनमध्ये काम करणारे, तुम्हाला पाव इंच फार वाटेल. पडद्याच्या रुंदीत पाव इंच कुणाला दिसत नाही. पण शेजारी लटकणाऱ्या दोन पट्ट्यांच्या तळात पाव इंचाचा फरक असेल तर दारातून दिसतो. जी काय काटेकोर नजर आहे ती सगळी तिथं वापरा. आणि सगळं काम एकाच टेपनं करा. कापडी जुनी टेप ताणून लांब झालेली असते, तिच्यावर भरवसा नको.

मशीन. माळ्यावरून उतरवलं की तुम्हाला आनंदच होईल, कारण ते यंत्र आहे. पुसून घ्या, तेलाच्या भोकांतून शिलाई मशीनचंच तेल सोडा. खोबरेल किंवा गोडेतेल घालू नका, ते आत चिकट होऊन बसतं. चामडी पट्टा सैल पडला असेल तर थोडा कापून पुन्हा क्लिपनं जोडायचा. सुई नवी घाला, १६ नंबरची. तिची सपाट बाजू कुणीकडं येते ते आईंना किंवा ओळखीच्या शिंप्याला विचारा. सुई उलटी बसली तर मशीन टाके सोडतं, आणि नवशिक्याला वाटतं आपलाच हात चुकतोय.

टाका कसा पडतो हे तुम्हाला सांगायला हवं, म्हणजे गुंता झाला तरी घाबरणार नाही. हाताच्या सुईचं नेढं मागं असतं, मशीनच्या सुईचं टोकाशी. अमेरिकेत एलियास हाऊनं १८४६ साली ज्या मशीनचं पेटंट घेतलं, त्यात नेढं असंच टोकाशी होतं. सुई खाली जाऊन किंचित वर येते, तेव्हा तिच्या मागं दोऱ्याचा छोटा फास तयार होतो. खालचं शटल तो फास पकडतं आणि बॉबिनच्या, म्हणजे खालच्या छोट्या रिळाच्या, दोऱ्याभोवती फिरवतं. वरचा आणि खालचा दोरा कापडाच्या जाडीत एकमेकांत अडकतात. झाला टाका. आता यातूनच निदान निघतं. कापडाच्या खालच्या बाजूला दोऱ्याची जाळी झाली, तर दोष वरच्या दोऱ्याचा. बहुतेक वेळा तो दोरा ताणून धरणाऱ्या चकत्यांमध्ये बसलेलाच नसतो. कापड दाबणारा पाय वर उचलून पूर्ण दोरा पुन्हा ओवा. वरच्या बाजूला फास दिसले, तर बॉबिन बघा. ताणाचा स्क्रू फिरवायला शेवटी जा. आधी पुन्हा ओवणं, मग सुई बदलणं, मग स्क्रू.

पहिल्या दिवशी दोरा ओवूच नका. जुनी बोथट सुई लावा, वहीचा रेघांचा कागद मशीनखाली घाला आणि रेघेवरून भोकं पाडत चला. आपल्याकडच्या शिवण क्लासात वर्षानुवर्षं असंच शिकवतात. यात पायाला सवय होते. पायाचं मशीन सुरुवातीला उलटं फिरतं, आणि उलटं फिरलं की दोरा तुटतो. म्हणून आधी उजव्या हातानं चाक स्वतःकडं फिरवायचं आणि मग पाय लावायचे. दहा-बारा कागद सरळ झाले की दोरा ओवून चिंधीवर टीप मारा. तेलाचे डाग असतील तर तेही चिंधीवरच पडून जातील. सुरुवात करताना दोन्ही दोऱ्यांची टोकं बोटानं धरून ठेवा. नजर सुईवर ठेवू नका, सुईकडं पाहिलं की टीप वाकडी जातेच. सुईपासून एक इंचावर मशीनच्या पत्र्यावर चिकटपट्टीचा तुकडा लावा आणि कापडाची कड त्या पट्टीला लागून चालते का, एवढंच बघा. कापड मागून ओढू नका. खालचे दाते ते आपोआप पुढं नेतात, आपण फक्त दिशा द्यायची.

शिवायच्या आधी दुमडी इस्त्रीनं पाडून घ्यायच्या. पुठ्ठ्याच्या दोन पट्ट्या कापा, एक इंचाची आणि तीन इंचांची. पुठ्ठा कापडावर ठेवायचा, कड त्याच्यावर वळवायची, इस्त्री फिरवायची, पुठ्ठा काढून पुन्हा वळवायची, पुन्हा इस्त्री. अशी दुमड बसली की मशीनवर ती हलत नाही. टाचण्या कमी लागतात. ज्याला हे कंटाळवाणं वाटतं त्याचा पडदा गुंडाळल्यासारखा दिसतो. मी कितीतरी हुशार हात इथं घाई करताना पाहिलेत.

क्रम असा ठेवा: आधी दोन्ही बाजू, एक इंचाची दुमड दोनदा. मग वरचा नेफा, अर्धा इंच आत वळवून अडीच इंचांवर टीप. एक इंची रॉडचा घेर सव्वातीन इंचांच्या आत, त्याचा निम्मा दीड-पावणेदोन, वर सरकायला जागा, म्हणून अडीच. टाका लांब ठेवा, इंचाला आठ. टिपेच्या दोन्ही टोकांना तीन-चार टाके उलटे घ्या. मशीन उलटं शिवत नसेल तर सुई कापडात ठेवून पाय उचला, कापड फिरवा आणि त्याच टाक्यांवरून परत या. कापडाचा भार मशीनवरून खाली लोंबू देऊ नका, डाव्या हाताला एक खुर्ची ठेवा आणि सगळा पसारा तिच्यावर घ्या. भार लोंबला की टीप त्या बाजूला खेचली जाते.

मग खालची कड तशीच ठेवून पडदा रॉडवर चढवा आणि दोन दिवस लटकू द्या. कापड स्वतःच्या वजनानं थोडं उतरतं. त्यानंतर खिडकीखालची रेघ बघून टाचण्या लावा, उतरवा आणि तळ शिवा. तळाच्या कोपऱ्यात बाजूची दुमड आणि खालची दुमड एकावर एक येऊन नऊ पदर होतात. तिथं पाय थांबवा आणि चाक हातानं फिरवत एकेक टाका पुढं जा, नाहीतर सुई मोडेल. पडदा नीट खाली पडावा म्हणून तळाच्या कोपऱ्यात वॉशर घालायचा मोह तुम्हाला नक्की होईल. घाला, पण स्टेनलेस स्टीलचेच. लोखंडी पहिल्याच धुण्यात गंजाचा डाग सोडतील.

ब्लॅकआउटचं थोडं वेगळं. त्याला टाचणी लावायची नाही, टाचणीचं भोक बुजत नाही आणि त्यातून उजेडाचा ठिपका दिसतो. कपड्याचे चिमटे लावा. चुकून टीप उसवली तरी भोकं राहतात, म्हणून हा पडदा दुसरा करा, हात बसल्यावर. लेपाची बाजू पायाखाली चिकटून अडली तर वर पातळ कागद ठेवून शिवा आणि नंतर तो फाडून काढा. इस्त्री कोमट, आणि लेपावर थेट नको. दोन पट्टे सुटे ठेवू नका. मधोमध जोडून एकच रुंद पडदा करा, म्हणजे मधली फट राहणारच नाही, तो एका बाजूला सारायचा. वर नेफाच ठेवा. रिंगा लावलेला पडदा सरकतो छान, पण दोन रिंगांच्या मधून उजेड येतो, आणि तुमची सगळी खटपट उजेडासाठी आहे. नेफा सरकायला जड वाटला तर रॉडवर मेणबत्ती घासा. बाजूच्या दोन्ही कडा ब्रॅकेटला वळसा घालून भिंतीपर्यंत न्या आणि तिथं एकेक छोटा हुक लावून अडकवा. हे केल्याशिवाय सकाळचं तिरपं ऊन बाजूनं येतच राहील.

वेळ कुठला निवडायचा, हेही सांगते. दिवसा ती झोपलेली असताना मशीन चालवू नका, पायाच्या मशीनचा धडधडाट भिंतीतून जातो. ती पाळीवर गेल्यावर, रात्री साडेनवापर्यंत बसा. खालच्या मजल्यावरच्यांचाही विचार झाला. एका बैठकीत एकच टीप घ्या. दमलेल्या हातानं मापं घेऊ नका, कारखान्यातून आल्या आल्या तर नकोच.

तीन गोष्टी मला पुढच्या पत्रात कळवा: रॉड शेवटी किती व्यासाचा मिळाला, कापडाचा पन्हा किती निघाला आणि भिजवल्यावर ते किती आकसलं. एखाद्या ब्रॅकेटला मागचा रॉड बारीक येतो. तसं झालं तर नेफा कमी करावा लागेल. त्याचं माप मी लगेच कळवीन, पण तोवर मागच्या पडद्याची वरची कड कापू नका.